आधी हात, मग चमचा

बाय आणि बाबू,

तुम्ही मे महिन्यात येणार, असं तुमच्या बाबांनी काल कळवलं. त्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, आणि ती विमानतळावरून घरी येताना गाडीत सांगण्यासारखी नाही. गेले कितीतरी रविवार आजोबा व्हिडिओ कॉलवर आलेले नाहीत. तारकर्लीला नेटवर्क नाही, असं तुम्हाला सांगितलं होतं. नेटवर्क आहे. शेजारच्या होमस्टेत उतरलेले पाहुणे झोपाळ्यावर पडून दिवसभर मोबाईलवर सिनेमे बघतात, इतकं चांगलं आहे. बाबांवर रागावू नका. आपले वडील आता कसे दिसतात, हे त्याला मुलांना दाखवायचं नव्हतं. मलाही नव्हतं.

आधी मी हे इंग्रजीत लिहिलं होतं. तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण लिहून झाल्यावर वाचलं तर ते रजेच्या अर्जासारखं झालेलं. जन्मभर मुंबईच्या शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे त्या भाषेत माझ्याकडून सगळं नीटनेटकंच लिहिलं जातं. म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि मराठीत बसले. सावकाश वाचा. मालवणी बोलणं अडलं तर आईला विचारा.

आजोबा तुम्हाला ठाऊक आहेत ते खेळातले. तुम्ही तिकडून काहीतरी मागायचं आणि त्यांनी त्याचं चित्र काढून कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा. घाबरट झाडू, आळशी छत्री, भांडलेल्या नवरा-बायकोसाठी चहाचा कप. त्या कपाला दोन कान होते, मधे भिंत होती आणि साखर एकाच बाजूला होती. साखरेची बाजू कुणाची, असं बायने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "जो आदी बोलतलो त्याची." तो कागद मी दोन दिवस उलटा करून ठेवला होता, कारण त्या आठवड्यात आमचं खरंच भांडण झालेलं होतं आणि आधी मी बोलणार नव्हते.

पण तो नुसता तुमच्यासाठी काढलेला खेळ नव्हता. मुंबईत ते प्लास्टिकची भांडी करणाऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. बादल्या, मग, डबे, डब्यांची झाकणं. त्यांनी आयुष्यभर अशा वस्तू काढल्या ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. कामाची त्यांची एक रीत होती. पाण्याचा मग काढायचा असला तरी ते आधी मग काढत नसत. आधी तो धरणारा हात काढायचे. म्हाताऱ्या बाईचा ओला हात, लहान मुलाचा साबण लागलेला हात, घाईत असलेल्या माणसाचा हात. त्या हाताच्या मधे जी जागा उरे, तिथे मगचा कान येई. मी कधी त्यांच्यामागे उभी राहून विचारलं की अजून वस्तू का दिसत नाही, तर म्हणायचे, "मास्तरणी, आदी हात, मगे वस्तू. वस्तूक काय घाई आसा?"

निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी घरातलं काहीच सरळ राहू दिलं नाही. कपडे वाळत घालायच्या काठीला त्यांनी शिंगं बसवली. पाहुण्याने फार वेळ बसू नये म्हणून पुढचे दोन पाय किंचित आखूड असलेली एक खुर्ची केली. माणूस तिच्यावर बसला की नकळत पुढे घसरतो आणि थोड्या वेळाने "बरं, निघतो" म्हणतो. शेजारची होमस्टेवाली ती अजून मागते. "काकानू, ती खुर्ची माका द्येवा. बारा वाजले तरी माजे पावणे खोली सोडनत नाय." मला या गोष्टींचा कंटाळा येई. मी कपाटात चादरी रंगानुसार लावणारी बाई. घसरणारी खुर्ची माझ्या घरात असणं मला पसंत नव्हतं.

गणपती गेले, मुंबईची माणसं परतली, त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. तुम्ही रागावलेली किटली मागितली होती. आजोबा ओटीवर बसून ब्लेडने पेन्सिल तासत होते. पेन्सिल खाली पडली. मी आतून म्हटलं, "अहो, पेन्सिल पडली." ते म्हणाले, "मगे." मला वाटलं, पडली मग काय झालं, असं म्हणतायत. मी कणीक मळत राहिले. पुन्हा आवाज आला, "मगे. मगे." मी बाहेर आले तेव्हा ते माझ्याकडे बघत होते आणि चेहऱ्याची उजवी बाजू ओल्या कपड्यासारखी खाली लोंबत होती.

शेजारणीच्या नवऱ्याने गाडी काढली. आधी कणकवली, तिथून गोवा. मेंदूच्या डाव्या भागात रक्त पोचलं नव्हतं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. बोलण्यातला एक शब्द तेवढा राहिला. पाणी हवं असलं तरी मगे, दुखत असलं तरी मगे, डॉक्टरांना नमस्कारही मगे. त्यांना आतून सगळं समजत होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

घरी आणलं तेव्हा नाकातून पोटात जाणारी नळी लावलेली होती. कणकवलीहून उशाकडून वर उचलता येणारी लोखंडी खाट आणवली आणि ओटीला लागून असलेल्या लहान खोलीत लावली, कारण न्हाणीघर तिथून जवळ. खोली तुम्हाला आठवत असेल, अरुंद आहे. खाट एकाच भिंतीला लागू शकते, दुसरीकडे लावली तर दार अडतं. आता खाट एका भिंतीला लागायची ठरली तरी माणसाचं डोकं कुठल्या टोकाला, हा प्रश्न राहतोच. तो कुणी विचारलासुद्धा नाही. आपल्याकडे जिवंत माणसाचे पाय दक्षिणेकडे करत नाहीत, ती यमाची दिशा. शेजारणीने दारातूनच सांगितलं, "काकी, डोक्या हयसून, पाय तयसून." मीही दक्षिणेच्या टोकाला उशी ठेवली. मला त्यात श्रद्धा आहे का, हे मी कधी तपासलेलं नाही. वर्गात फळ्यावर तारीख घालायची तशी ती गोष्ट मी करते. त्यामुळे आजोबांची चालणारी डावी बाजू भिंतीकडे गेली आणि उजवी माझ्याकडे. मी स्टूल घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसू लागले.

नळी त्यांनी लवकरच डाव्या हाताने स्वतः ओढून काढली. डॉक्टर फोनवर म्हणाले, गिळता येतंय, तर तोंडाने द्यायचा प्रयत्न करा. पातळ काही नको, ठसका लागून छातीत जाईल. घट्ट द्या. पुढच्या तपासणीपर्यंत वजन आणखी उतरलं तर मात्र पोटाला छिद्र करून नळी घालावी लागेल. मी म्हटलं, घट्ट पेज देते. मला वाटलं होतं, ही काही अवघड गोष्ट नाही. मी दोन मुलं भरवून मोठी केली आहेत.

पहिल्या दिवशी चमचा तोंडाजवळ नेला तेव्हा ते दचकले आणि दात मिटून घेतले. मी म्हटलं, गरम लागली असेल. निवल्यावर पुन्हा नेला. पुन्हा तेच. दुपारी गुरगुट्या भात आणि सारातला थोडा बांगडा, काटे काढून, कुस्करून. तोंड बंद. मी गोड बोलले, मग कठोर बोलले, मग हट्टी विद्यार्थ्याशी बोलतात तसं बोलले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एखादा घास गेलाच तर मी जबरदस्तीने सारलेला, आणि तो उजव्या गालात अडकून संध्याकाळी तोंड साफ करताना बाहेर येई.

मला वाटलं, दुसऱ्याच्या हाताने खाण्याची त्यांना लाज वाटते. माणसाने हयातभर लोकांच्या हातांसाठी वस्तू काढल्या आणि आता त्याच्याच हाताला काही धरता येत नाही. मग मी ठरवलं की त्यांच्या डाव्या हातासाठी चमचा करायचा. त्यांचाच ग्राफ पेपर घेतला. पट्टी घेतली. मूठ जाड हवी म्हणून चमच्याच्या दांड्याला सुती चिंधी गुंडाळून शिवली. ती पेजेत भिजून जड झाली. मग सायकलच्या हँडलची रबरी मूठ आणवली आणि चमचा त्यात बसवला. मग काठ उभे असलेली थाळी शोधली, तिच्याखाली सरकू नये म्हणून ओला पंचा घातला. प्रत्येक वस्तू मी आधी काढली, मापं लिहिली, मग केली. मला अजून वाटतं की त्या बऱ्या होत्या. मी चमचा त्यांच्या डाव्या हातात द्यायचे, ते तो क्षणभर धरायचे, वाटीपर्यंत नेता नेता तो हातातून सुटायचा आणि फरशीवर वाजायचा. स्टीलचा चमचा फरशीवर पडतो त्याचा आवाज साऱ्या घराला ऐकू जातो. आजोबा त्या आवाजाला डोळे मिटायचे. काही दिवसांनी त्यांनी चमचा हातात घेणंच सोडलं.

शेजारीण मासे द्यायला आली की दारात उभी राहायची. एकदा म्हणाली, "काकी, तोंड उघडूक नाय तर काय नाक दाबून घालतलंस? रवांदे थोडो येळ." मी म्हटलं, "तुका काय जाता सांगूक? वजन उतरताहा त्येंचा." ती म्हणाली, "उतरताहा ता माका दिसता. पण तुजाव उतारलाहा, ता कोण बघतलो?" मी तिच्यासमोर दार लावून घेतलं. बाहेर तिच्या पाहुण्यांच्या स्पीकरवर गाणी चालली होती. कुणीतरी केळ्याच्या आकाराच्या होडीवरून पाण्यात पडल्याची गोष्ट सांगत हसत होतं.

उरलेली पेज मी मागच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, कावळ्यांना ठेवत असे. अन्न टाकवत नाही. सकाळची सकाळी, दुपारची दुपारी. कावळ्यांना वेळ कळली होती, मी दार उघडलं की ते येऊन बसलेले असायचे. एका दुपारी आजोबांसाठी कुस्करलेला भात गडग्यावर ठेवताना मी काय करते आहे, हे माझं मलाच दिसलं. नवऱ्याच्या वाटचा भात, पानावर, कावळ्यांसमोर. मी पान तसंच उचललं, पायरीवर बसले आणि तो सगळा भात स्वतः खाल्ला. थंड होता, मीठ नव्हतं. त्यानंतर कावळ्यांना काही ठेवलं नाही. आजोबांच्या पुढ्यातलं उरलेलं मी खाऊ लागले.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. "आई, नळीचं ठरवून टाकूया. तू एकटी किती ओढणार?"

"त्यांनी आधीची ओढून काढली."

"ही पोटात असते. काढता येत नाही सहज."

"म्हणजे हात बांधायला नकोत, एवढंच ना?"

तो मग म्हणाला, "मी तिथे असतो तर..." आणि वाक्य पुरं केलं नाही.  नळीने माणूस जगतो, हे मला कळत होतं. पण त्यानंतर हा माणूस पुन्हा कधी कशाला तोंड उघडणार नाही, हेही कळत होतं. ते हळूहळू जायला निघाले आहेत आणि जाताना माझ्याकडे पाठ करून पडले आहेत, असं मला वाटायचं. हे तुम्हाला लिहू का, असा मी विचार केला. लिहिते. तुम्ही आता इतके लहान नाही.

मग एक दुपार आली. नाचणीची आंबील केली होती, त्यांची आवडती, चमच्यावर उभी राहील इतकी घट्ट. चमचा नेला. दचकले, दात मिटले. मी चमचा वाटीत आपटला. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, त्याच्या पाठीवर स्केचपेनने एक मोठा गोल काढला. हा तुमचा चेहरा, म्हटलं. तोंडाच्या जागी दुकानाचं शटर काढलं, आडव्या रेघांचं, खालपर्यंत ओढलेलं. मला चित्र काढता येत नाही. शटर ओळखू येईना म्हणून त्याला कुलूप काढलं. आणि मालवणच्या बाजारात दुपारी दुकानांवर लागते तशी पाटी लिहिली: मालक जेवायला गेले आहेत. चारनंतर यावे.

रागानेच लिहिलं होतं. कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

त्यांच्या घशातून आवाज आला. ठसका लागला असं वाटून मी त्यांना उठवायला गेले. ठसका नव्हता. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती. मी इतक्या दिवसांत ते पाहिलं नव्हतं. "मगे," ते म्हणाले आणि डावा हात पुढे केला. मी कागद पुठ्ठ्यावर ठेवून त्यांच्या मांडीवर धरला, त्या हातात पेन्सिल दिली. त्या हाताने त्यांनी जन्मात रेघ ओढली नव्हती. रेघ थरथरत गेली. त्यांनी माझ्या गोलाला कान काढला. भुवई काढली. अर्धी मिशी काढली, टोकाशी वळलेली. शटरच्या कडेला एक लहान मागचं दार काढलं, किलकिलं. मालवणातली दुकानं दुपारी पुढून बंद असली तरी ओळखीच्या माणसाला मागच्या दारातून साखर मिळते, हे तुम्हाला माहीत नसेल.

पेन्सिल त्यांनी खाली ठेवली. सगळं डावीकडे होतं. उजवा कान नाही, उजवी भुवई नाही, उरलेली मिशी नाही. मी म्हटलं, "अहो, अर्धाच राहिला. हा पुरा करा." त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलते आहे. मग मी कागद उलटा फिरवला, खालचं वर केलं. ते दचकले. तोच दचका, चमच्याचा. अर्धा कोरा चेहरा त्यांना आता पहिल्यांदा दिसला होता.

मी पेन्सिल उचलली आणि त्यांच्या उजवीकडून हळूहळू चेहऱ्यासमोर आणली. ते सरळ समोर बघत होते. पेन्सिल नाकापर्यंत आली तेव्हा ती त्यांना दिसली. पुन्हा डावीकडून आणली, तर ती कानाजवळ होती तेव्हाच डोळे तिकडे वळले. उजवीकडचं जग त्यांना दिसतच नव्हतं. डॉक्टरांनी हे सांगितलं असेल तर त्या गडबडीत माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी रोज त्यांच्या उजवीकडे, त्यांना न दिसणाऱ्या जागी बसत होते आणि तिथून कुठूनसा एक चमचा एकदम त्यांच्या तोंडाशी येत होता. पाठ करून नव्हते पडले ते. त्यांना दिसणारी बाजू भिंतीकडे होती.

खाट फिरवायला हवी होती. म्हणजे डोकं त्या टोकाला आणि पाय दक्षिणेला. मी शेजारणीला हाक मारली. ती होमस्टेतले कोल्हापूरचे दोन पाहुणे घेऊन आली, हाफपँट घातलेले, अंगाला वाळू लागलेली. काय करायचं ते ऐकल्यावर ती उंबऱ्यातच थांबली.

"काकी, तुजा डोक्या फिरला काय? पाय यमाक दाखवतंस?"

"यमाला बघायचं तर तो मागच्या दारानेही बघेल. खाट धर."

"हात लावचंय नाय मी."

"मग लावू नको. हे दोघे आहेत."

ते दोघे एकमेकांकडे बघू लागले. त्यातला एक म्हणाला, "काकू, आमच्यातबी करत नाहीत तसं." आजोबा खाटेवरून म्हणाले, "मगे." शेवटी शेजारीणच पदर खोचून पुढे झाली. "थांब. गाऱ्हाणा घालूया. न सांगता करूचा न्हय." आणि तिने दक्षिणेच्या भिंतीकडे तोंड करून हात जोडले. "बा म्हाराजा, आज जी ही खाट फिरवतंव, ती जागो अपुरो म्हणान फिरवतंव. पाय तुज्या दिशेक झाले तरी ता तुका बोलावणा न्हय रे म्हाराजा. तू आपल्या वाटेन आपल्या घराक जा. हयसर तुजा काय एक काम नाय. काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल." मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." कोल्हापूरच्या दोघांनी माझ्याहून मोठ्याने म्हटलं. मग खाट फिरली.

त्याने सगळं ठीक झालं, असं समजू नका. डावीकडे बसल्यावर ते दचकेनासे झाले, मला बघू लागले, पण चमच्याला तोंड उघडत नव्हते. भरवून घ्यायचं नव्हतंच त्यांना. तेवढं मी बरोबर ओळखलं होतं. तपासणी जवळ येत होती. गळ्याची हाडं वर आली होती, अंग पुसताना माझा हात त्यांच्या बरगड्यांवरून जात असे आणि मी दुसरीकडे बघत असे. खाट फिरवल्याचा पाहुण्यांसमोर मला झालेला आनंद दोन दिवसांत संपला. आता तर ते मला बघत होते आणि तरीही नाही म्हणत होते.

शेवटी मी ग्राफ पेपर त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, "माझे चमचे तुम्हाला पसंत नाहीत. तुम्ही काढा. नाहीतर पोटातून नळी घालतील, आणि मी त्यांना नको म्हणू शकणार नाही." एवढं स्पष्ट मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं.

त्यांनी मग पेन्सिल घेतली. आधी हात काढला. डावा. बोटं म्हणजे नुसत्या पाच वेड्यावाकड्या रेघा. त्या हातात एक लांबट, मधे खोलगट, टोकाशी निमुळता आकार काढला आणि त्याला एक आडवी काडी. मला काही कळेना. "होडी?" म्हटलं. "मगे," नाराजीने. "कान?" "मगे." शेजारीण सरंगे मासे घेऊन आली होती, ती खांद्यावरून वाकून म्हणाली, "ह्यो सरंगो आसा. काकांका सरंगो खावचो आसा." आजोबांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि मागच्या खिडकीकडे हात केला. खिडकीत फणस.

लहानपणी आम्ही सगळ्यांनी पेज फणसाच्या पानानेच खाल्ली आहे. पान दुमडून, देठाकडे नारळाच्या पातीची हीर टोचून खोलगट करायचं, झाला चमचा. खाऊन झालं की फेकून द्यायचा. मी ते केव्हाच विसरले होते, कारण आमच्या घरी लग्नानंतर स्टीलचे चमचे होते आणि ते मी मोजून ठेवत असे. शेजारणीने पानं तोडली. माझं पहिलं पान फाटलं, दुसऱ्यातून पेज गळली. तिने माझ्या हातातून ते काढून घेतलं. "मास्तरणी व्हतंस मां गो तू? एक पान दुमडूक येयना?" तिचंही पहिलं वाकडंच झालं, ते बघून आजोबा पुन्हा त्या अर्ध्या चेहऱ्याने हसले.

पान हलकं असतं. पेजेत भिजत नाही, बोटांना खरखरीत लागतं म्हणून सुटत नाही. पहिलं त्यांच्या हातातून पडलं. पडल्याचा आवाजच झाला नाही. त्यांनी खाली पाहिलं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. ते पान वाटीत गेलं, तिरकं होऊन वर आलं, निम्मी पेज छातीवरच्या पंच्यावर सांडली, उरलेली तोंडात गेली. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. मदत करू नये, एवढं मला तेव्हा कळलं. वाटी संपली नाही. अर्ध्याहून कमी गेली असेल, आणि त्याला इतका वेळ लागला की ते तसेच बसल्या जागी झोपले. शेजारीण सरंगे साफ करून द्यायचं विसरूनच गेली.

तपासणीला नेलं तेव्हा वजन तेवढंच होतं. वाढलं नव्हतं, उतरलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थांबूया, बघूया. नळी रद्द झाली नाही, पुढे गेली. अजूनही एखाद्या दिवशी ते पानाला हात लावत नाहीत आणि मी पुन्हा पहिल्यासारखी गोड, मग कठोर बोलू लागते. ठसका लागला तर मी वाटी टाकून त्यांची पाठ धरते. उजवा हात परत येईल, असं आता कुणी म्हणत नाही. बोलणंही आलेलं नाही. मी तुम्हाला खोटी आशा लावून बोलावणार नाही.

तुम्ही याल तेव्हा धावत जाऊन उजवीकडून मिठी मारू नका. डावीकडून या, दिसेल असे उभे राहा. त्यांच्या तोंडाकडे बघून वाईट वाटलं तर बाहेर जाऊन रडा, घरात जागा भरपूर आहे. काढायला काहीतरी मागा, मागायला लाजू नका. जे मिळेल ते अर्धं असेल: अर्धी किटली, अर्धा झाडू. कागद फिरवून त्यांच्यासमोर धरलात तर कधी उरलेलं काढतात, कधी नाही. तुम्ही स्वतः ते पुरं करू नका. बाबूला पुरं करायची घाई असते.

आज सकाळी आजोबांनी पेज स्वतःच्या हाताने खाल्ली. वाटीत थोडी राहिली. मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि दुपारपर्यंत एका चमच्याची डावी कड काढत बसले. एवढं शिल्लक आहे.